डॉ. प्रफुल्लकुमार सेन : तीन तास आणि तीस वर्षं

डॉ. प्रफुल्लकुमार सेन जुलै १९८२ मध्ये गेले. त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली. वैद्यकीय वर्तुळाच्या बाहेर आज त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही बहुधा एकच गोष्ट माहीत असते. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं आणि तो रुग्ण तीन तासांत दगावला. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत बहुतेक वेळा तेवढंही सापडत नाही. तिथे 'भारतातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण' या नोंदीपुढे दिल्ली आणि १९९४ हे साल असतं. 'यशस्वी' या एका शब्दाने सेन यांना नोंदीतून बाहेर ठेवलं आहे.

मी डॉक्टर नाही. इतिहास वाचण्याची सवय असलेला माणूस आहे. सेन यांच्याविषयी जसजसं वाचत गेलो तसतसं मला जाणवलं, की त्या तीन तासांच्या मागेपुढे जवळपास तीस वर्षांचं काम आहे आणि ते काम मुख्यतः शिकवण्याचं आहे. आपण मात्र तीन तास लक्षात ठेवले आणि तीस वर्षं विसरलो. आपल्या समाजाने हे समजून घेण्याची गरज का आहे, ते शेवटी सांगतो. आधी माणूस समजून घेऊ.

सेन यांचा जन्म १९१५ चा, कोलकात्याचा. वैद्यकीय शिक्षण मात्र मुंबईत झालं, परळच्या शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात. हे कॉलेज आणि त्याला जोडलेलं के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं. त्यामागची गोष्ट मोलाची आहे. मुंबईत त्याआधीपासून ग्रँट मेडिकल कॉलेज होतं. तिथे शिकायला भारतीय मुलं चालत, पण वरच्या जागांवर सरकारी वैद्यकीय सेवेतले गोरे अधिकारी बसत. कितीही हुशार भारतीय डॉक्टर असला तरी तिथे प्राध्यापक होणं त्याला जवळजवळ अशक्य होतं. म्हणून शेठ गोरधनदास यांच्या विश्वस्तांनी नव्या कॉलेजासाठी देणगी देताना एक अट घातली: इथे शिकवणारे सगळे भारतीयच असतील. इंग्रज राजवटीत घातलेली ही अट होती. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता हे या संस्थेचे सुरुवातीचे डीन.

रुग्णालय महापालिकेचं आणि वस्ती गिरणगावची. चाळीच्या एका खोलीत दहा-बारा माणसं. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेले कामगार, त्यात हिंदूही आणि मुसलमानही. ज्याच्या खिशात काही नाही त्याने जायची जागा म्हणजे के. ई. एम. सेन इथेच शिकले, इथेच शिकवू लागले. मधल्या काळात, १९४९ च्या सुमारास, रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले आणि छातीच्या व हृदयाच्या नव्या शस्त्रक्रिया पाहून परतले. तिथेच राहिले असते तर कोणी नावं ठेवली नसती. ते परळला परत आले आणि त्यांनी हृदयशस्त्रक्रियेचा विभाग उभा केला.

त्या काळी हृदयाचा आजार म्हणजे आजच्यासारखा चाळिशी-पन्नाशीतला 'ॲटॅक' एवढंच नव्हतं. गरिबांच्या वस्तीत हृदयरोग यायचा तो संधिवाताच्या तापाने. लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात. आठ-पंधरा दिवसांनी मूल बरं होतं आणि घरचे विसरून जातात. शरीराने जंतूंशी लढताना स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर हल्ला केलेला असतो, तो दिसत नाही. काही वर्षांनी झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, दार अरुंद होतं, रक्त फुफ्फुसांत तुंबतं. विशीतला तरुण दोन जिने चढून धापा टाकू लागतो. बाईला दिवस गेले तर तिचा जीव जाण्याची वेळ येते. दाटीवाटीची घरं, कोंदट हवा, वेळेवर पेनिसिलीन न मिळणं, ही या रोगाची मुळं होती. तो गिरणगावचा रोग होता.

यावर १९५० च्या दशकात जी शस्त्रक्रिया रुळली ती ऐकून आजही अंगावर काटा येतो. त्यात हृदय थांबवत नसत. हार्ट-लंग मशीन अजून आपल्याकडे हाताशी नव्हतं. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची, हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या टोकाला गोल टाका घालायचा, तिथे छोटं छिद्र पाडून धडधडत्या हृदयात आपलं बोट घालायचं, आणि चिकटलेल्या पाकळ्या बोटाने अलगद सोडवायच्या. डोळ्यांना काही दिसत नाही. सगळं बोटाला कळलं पाहिजे. जोर कमी पडला तर दार उघडत नाही. जास्त झाला तर झडप फाटते आणि माणूस टेबलावरच जातो.

हे शिकवायचं कसं, याचा जरा विचार करा. गुरूला शिष्याच्या बोटाखाली काय लागतं आहे ते दिसू शकत नाही. तो फक्त शेजारी उभा राहू शकतो. आधी शंभर वेळा आपण करून दाखवायचं, शिष्याचं बोट आपल्या बोटामागून आत घालू द्यायचं, आणि एक दिवस त्याला म्हणायचं, आता तू कर. त्यात रुग्णाचा जीव पणाला लागलेला असतो आणि गुरूचं नावही. बोटावर इतका भरवसा ठेवावा लागणारं दुसरं शिक्षण क्वचितच असेल.

माझ्या अम्मीचे मामू रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आले आणि गोदीत कामाला लागले. तिशीच्या आत त्यांना हाच आजार निघाला. साठच्या दशकात परळला त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. लहानपणी आम्ही त्यांच्या डाव्या बरगडीच्या रेषेत पाठीपर्यंत गेलेला व्रण पाहायचो आणि ते कुर्ता वर करून हौसेने दाखवायचे. घरात त्याला 'दिल का ऑपरेशन' म्हणत. शस्त्रक्रिया कोणी केली, हे घरात कधी कोणाला सांगता आलं नाही. 'बडे डॉक्टर' एवढाच उल्लेख. त्यानंतर मामूंनी गोदीत वीस वर्षं काम केलं, दोन मुलींची लग्नं लावली आणि म्हातारे होऊन गेले. ते बोट सेन यांचं होतं की त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याचं, याने आमच्या घराला काही फरक पडत नाही. मला वाटतं, शिक्षकाची खरी कमाई हीच. त्याचं काम कुठे संपतं आणि विद्यार्थ्याचं कुठे सुरू होतं, ते रुग्णाला कळूच नये.

सेन यांचं डोकं मात्र रूढ शस्त्रक्रियांवर थांबणारं नव्हतं. त्यांच्या विभागाला जोडून प्राण्यांवरच्या प्रयोगांची प्रयोगशाळा होती. तिथला एक प्रयोग मला फार आवडतो. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी असते. हृदयाच्या कप्प्यातलं रक्त थेट त्या भिंतीत झिरपून स्नायूला पोसतं. माणसात हे काम बाहेरून येणाऱ्या रक्तवाहिन्या करतात आणि त्या तुंबल्या की झटका येतो. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की माणसाच्या हृदयाच्या भिंतीत सुईने बारीक छिद्रं पाडली तर कप्प्यातलं रक्त सापाच्या हृदयासारखं आतूनच स्नायूला मिळेल का? १९६५ मध्ये या कल्पनेवरचा त्यांचा लेख अमेरिकेतल्या छाती व हृदयशस्त्रक्रियेच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. पुढे दोन-तीन दशकांनी पाश्चात्त्य देशांत लेसरने अशी छिद्रं पाडण्याचे उपचार सुरू झाले. त्यांचा उपयोग कितपत, यावर मतभेद राहिले. पण कल्पनेचा माग काढत गेलं की वाट परळच्या प्रयोगशाळेत येऊन पोचते.

याच काळात तिथे कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपणाचे प्रयोग चालू होते. १९६५ मध्येच के. ई. एम. मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचाही प्रयत्न झाला. तोही रुग्ण फार दिवस जगला नाही, पण भारतातला तो पहिला प्रयत्न. म्हणजे १९६८ ची शस्त्रक्रिया ही दक्षिण आफ्रिकेतली बातमी वाचून घेतलेली उडी नव्हती. तयारी काही वर्षांची होती.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण अठरा दिवस जगला. तीन दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी एका तान्ह्या बाळावर प्रयत्न केला. ते बाळ काही तासांतच गेलं. जानेवारीत बर्नार्ड यांनी दुसरं प्रत्यारोपण केलं. वंशभेदाच्या त्या राजवटीत एका 'कलर्ड' माणसाचं हृदय गोऱ्या दंतवैद्याच्या छातीत बसलं आणि तो रुग्ण दीड वर्षाहून अधिक जगला. त्याच महिन्यात अमेरिकेत आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतरची, म्हणजे जगातली सहावी, परळची. तोवर ब्रिटन किंवा फ्रान्समध्येही हे झालेलं नव्हतं. हृदय प्रत्यारोपण करणारा भारत हा जगातला तिसरा देश होता आणि ते झालं महापालिकेच्या रुग्णालयात.

रुग्ण होता सत्तावीस वर्षांचा एक शेतकरी. हृदय मिळालं डोक्याला जबर मार लागून गेलेल्या एका तरुणीचं. सेन यांच्या चमूत जी. बी. पारुळकर, शरद पांडे असे त्यांच्या हाताखाली तयार झालेले शल्यविशारद होते. नवं हृदय छातीत बसवलं, ते चाललं. तीन तासांनी रुग्ण गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसरं प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण चौदा तास जगला. त्यानंतर सेन यांनी ही शस्त्रक्रिया पुन्हा केली नाही.

टीका व्हायची ती झालीच. ज्या देशात देवी आणि क्षयाने माणसं मरतात तिथे हे चोचले कशाला, असा प्रश्न होता आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. फक्त हे ध्यानात ठेवलं पाहिजे, की तो ज्यांना विचारला जात होता ते रोज सकाळी गिरणी कामगारांच्या झडपा सोडवत होते. दोन्ही कामं एकाच विभागात, त्याच माणसांच्या हातून होत होती.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. माणूस मेला हे कधी म्हणायचं? तोवर हृदय थांबणं म्हणजे मृत्यू, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. मेंदू कायमचा निकामी झाला आहे, यंत्राच्या आधाराने श्वास चालू आहे, हृदय धडधडतं आहे, अशा माणसाला मृत मानायचं का? हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष प्रसिद्ध केले ते ऑगस्ट १९६८ मध्ये, परळच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. भारतात तर तसा कायदाच नव्हता. कोणी खटला भरला असता तर सेन यांच्या पाठीशी उभं राहायला कायद्याची एक ओळ नव्हती.

ते थांबले हे बरं झालं की वाईट, यावर मी पुष्कळ विचार केला. त्या वर्षी जगभर शंभरच्या आसपास हृदय प्रत्यारोपणं झाली आणि बहुतेक रुग्ण आठवड्या-महिन्यांत गेले. शरीर परकं हृदय नाकारत होतं आणि त्याला आवर घालणारं चांगलं औषध नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास सगळ्यांनी हात आखडते घेतले. स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे यांच्यासारखे थोडे लोक चिकाटीने काम करत राहिले. सायक्लोस्पोरिन हे औषध ऐंशीच्या दशकात हाती आलं तेव्हा कुठे ही शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाली. सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं होतं. मानसन्मान हातात असताना, कोणी अडवलेलं नसताना, आपल्या रुग्णाला आपण अजून जगवू शकत नाही हे ओळखून थांबणं सोपं नसतं. ती शिस्तही विद्यार्थी पाहत असतात.

पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांनी विभाग सांभाळला. डॉ. पारुळकर त्याच संस्थेचे डीन झाले, त्यांनाही पद्मभूषण मिळालं. शरद पांडे यांनी मुंबईत हृदयशस्त्रक्रियेचं काम पुढे नेलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी आणखी काहींना शिकवलं. असं करत करत आज एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी बायपास करणाऱ्या डॉक्टरच्या शिक्षकाचा शिक्षक शोधत गेलात तर पुष्कळदा परळला पोचाल.

१९९४ च्या जुलैमध्ये मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि भारतात मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी हृदय प्रत्यारोपण केलं आणि रुग्ण अनेक वर्षं जगला. वेणुगोपालही २०२४ मध्ये गेले. त्यांचं श्रेय पूर्ण त्यांचंच आहे. पण त्यांच्या पाठीशी कायदा होता, औषध होतं, जगाचा पाव शतकाचा अनुभव होता. सेन यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पहिल्याला रस्ताच नसतो, म्हणून त्याला रस्त्यावर चालणाऱ्याच्या वेगाने मोजू नये.

आता आपल्याकडे येतो.

इब्न अल-नफीस हे नाव आपल्या लोकांना ठाऊक असतं. तेराव्या शतकात दमास्कसमध्ये शिकलेला आणि कैरोत काम केलेला हा हकीम. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून रक्त थेट डाव्या कप्प्यात जात नाही, ते आधी फुफ्फुसांत जातं, हे त्याने युरोपच्या तीनशे वर्षं आधी लिहून ठेवलं. ते हस्तलिखित कोणी वाचलं नाही. १९२४ मध्ये मुहियुद्दीन अल-ततावी या तरुण इजिप्शियन डॉक्टरला ते बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं, तेव्हा जगाला कळलं. 'हमने दुनिया को दिया' अशा मथळ्याखाली व्हॉट्सॲपवर त्याचं नाव फिरत असतं. अभिमान वाटायला हरकत नाही. पण त्याच इब्न अल-नफीसने मरताना आपलं घर आणि आपली पुस्तकं कैरोच्या रुग्णालयाला देऊन टाकली, ही गोष्ट त्या संदेशांत कधी नसते. ज्ञान सांगून झालं, आता देण्याचं काय, हा प्रश्न आपण टाळतो.

तो प्रश्न मुंबईत एकदा थेट आपल्या दारात आला. ३ ऑगस्ट २०१५ रोजी, म्हणजे दिल्लीच्या शस्त्रक्रियेनंतर बरोबर एकवीस वर्षांनी, मुंबईत पुन्हा हृदय प्रत्यारोपण झालं. सेन यांच्यानंतर सत्तेचाळीस वर्षांत शहरातलं पहिलं. पुण्यात एक बेचाळीस वर्षांची बाई मेंदूमृत झाली होती. तिच्या घरच्यांनी होकार दिला. पोलिसांनी रस्ते मोकळे केले, हृदय पुण्याहून मुलुंडला पोचलं आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने ते एका तरुणाच्या छातीत बसवलं. तो तरुण मुसलमान घरातला होता.

त्या दिवशी कोणत्याही मौलवीने किंवा नातेवाइकाने हे हृदय घेऊ नका असं सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. सांगूही नये. जीव वाचवणं हे आपल्या दीनमध्ये केवढं मोठं काम आहे ते आपण सगळे जाणतो. मग देण्याची वेळ आली की आपण गप्प का होतो? मय्यतीची अमानत, शरीराची हुरमत, हे मुद्दे मी हसण्यावारी नेत नाही. भारतातल्या अनेक उलमांना मृत्यूनंतरचं अवयवदान मान्य नाही, हेही खरं. पण आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानला मेंदूमृत्यू मान्य केला आणि १९८८ मध्ये जेद्दाला अटी घालून अवयवदानाची मुभा दिली. सौदी अरेबियात आणि इराणमध्ये मृतांच्या अवयवदानाची रीतसर व्यवस्था आहे. म्हणजे मत एक नाही, चर्चा चालू आहे. आपल्या मोहल्ल्यात मात्र ती सुरूच झालेली नाही. देणं नाजायज वाटत असेल तर घेण्याचं काय, एवढा एक प्रश्न जरी जुम्म्यानंतर चार माणसांत मोकळेपणी विचारला गेला तरी पुष्कळ झालं.

मी स्वतः घरच्यांशी बोललो आहे. बायकोला पटायला वेळ लागला, मोठ्या मुलाने लगेच हो म्हटलं, अम्मी अजून विचार करते आहे. तिचा निर्णय तिचा. पण तिच्या मामूंच्या छातीवरचा तो व्रण तिला आठवतो, हे तिने स्वतःहून सांगितलं.

सेन यांची आठवण काढायची तर पुतळा नको, रस्त्याला नाव नको. १९६८ मध्ये एका तरुणीच्या मृत्यूतून एका शेतकऱ्याला जगवायचा प्रयत्न झाला. तो तीन तास टिकला. पुढे त्याच शहरात एका पुणेकर बाईच्या हृदयावर आपल्यातला एक मुलगा जगला. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत डॉक्टरांनी आपलं काम केलं: शिकले, शिकवलं, चुकले, थांबले, पुन्हा उभे राहिले. उरलेलं काम त्यांचं नाही. ते रुग्णालयाच्या दाराबाहेर, रडणाऱ्या नातेवाइकांमध्ये, एखाद्याने पुढे होऊन हो किंवा नाही म्हणण्याचं आहे. ती वेळ येण्याआधी घरात बोलून ठेवा.